नाकवाली, चपटी आणि गफूर मिस्त्री

गफूर मिस्त्रींच्या शेजारी मी सोळा वर्षं राहिले. एवढ्या वर्षांत माणूस कळतो, अशी माझी समजूत होती. ती एका सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मोडली. तेव्हापासून मी त्या सकाळचा अर्थ लावते आहे. कधी एक अर्थ लागतो, कधी त्याच्या अगदी उलटा.

माझी शहागडच्या प्राथमिक शाळेत बदली झाली ती ऐंशीच्या पुढची वर्षं होती. शाळा मोठ्या रस्त्याला लागून होती आणि शाळेच्या बाजूला मिस्त्रींचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा आणि त्यावर आडव्या टाकलेल्या दोन फळ्या. शेडच्या मागे दोन खोल्यांत मिस्त्री आणि भाभी राहत. त्यांच्या भिंतीला भिंत लावून आमचं भाड्याचं घर. सकाळी कुकरची शिट्टी आधी व्हायची की मिस्त्रींच्या हातोडीचा पहिला ठोका पडायचा, यावरून मी शाळेला वेळेवर आहे की नाही ते ठरवायची.

मिस्त्री उंच होते, पण सारखं बॉनेटमध्ये वाकून त्यांची उंची कमी झाल्यासारखी वाटे. इंजिन तपासायची त्यांची एक पद्धत होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गाडीचा मालक श्वास रोखून उभा. मग मिस्त्री डोळे उघडून म्हणायचे, "बराबर हाय."

आता यात काय बरोबर आहे हे कुणालाच कळत नसे. इंजिन बरोबर आहे, की मालकाला आलेली शंका बरोबर आहे? माझी लूना बंद पडली तेव्हाही ते "बराबर हाय" म्हणाले. मी आनंदानं पैसे विचारले, तर म्हणाले, "चार दिवस लागतीन बाई. पिस्टन गेलं."

त्या वर्षांत आमच्या भागात मोसंबीच्या बागा वाढत होत्या. एकट्या शेतकऱ्याकडे ट्रक भरेल एवढा माल नसायचा, आणि बैलगाडीनं जालन्याला न्यायचा तर वाटेतच मऊ पडायचा. म्हणून छोटे पिकअप आले. दोन कंपन्यांचे आले, पण कंपन्यांची नावं गावात कुणी घेत नसे. एकीला पुढे बॉनेटचं लांब नाक होतं, ती नाकवाली. दुसरीला नाकच नव्हतं, काचेच्या खाली थेट बंपर. ती चपटी.

नाकवालीचा हौदा आखूड, पण पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दणकट. शेतातल्या नांगरटीतूनसुद्धा भरलेली बाहेर यायची. मात्र थंडीत सकाळी चालू व्हायची नाही, चौघांनी ढकलावी लागायची. चपटी एका किल्लीत चालू व्हायची. तिच्या हौद्यात कापसाच्या चार गोण्या जास्त मावायच्या आणि गल्लीत ती जागच्या जागी वळायची. पण तिचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. उन्हाळ्यात अंबडपर्यंत जाऊन येणारा माणूस उतरला की अर्धा तास बसायचं नाव काढत नसे. नाकवालीचे पार्ट अंबडला मिळायचे, चपटीचे आणायला जालन्याला जावं लागायचं.

एवढाच फरक. पण या फरकानं गावाचे दोन भाग झाले. चौकातल्या एका हॉटेलात नाकवाले चहा पीत, समोरच्या हॉटेलात चपटीवाले. नाकवाल्यांचे पुढारी बापूराव. अंगानं भारी, आवाज त्याहून भारी. चपटीवाल्यांचे शेषराव, बारीक आणि जिभेला धार. दोघं लहानपणी आमच्याच शाळेत एका बाकावर शिकलेले.

"नाक नसलेल्याला कुनी पोरगी देतं का?" बापूराव या हॉटेलातून ओरडायचे.

"नाक एवढं लांब, की मागची अक्कल पुढं यायला दिवस लागतो," शेषराव त्या हॉटेलातून.

सुरुवातीला हे हसण्यावारी चाललं. पुढे पुढे त्यात हसू कमी झालं. एकदा तीर्थपुरीच्या बाजारात बापूरावांची नाकवाली भरलेला माल घेऊन बंद पडली. शेषरावांच्या भावाची चपटी तिथंच होती. त्यानं साखळी काढून दिली, चला ओढून नेतो म्हणाला. बापूरावांनी साखळीला हात लावला नाही. बाजारात विकायला आलेली एक बैलजोडी त्यांनी मालकाला विनवून मागून घेतली, गाडीला जुंपली, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून ती शहागडच्या वाटेला लावली. गाडी गॅरेजसमोर येईपर्यंत मोसंबीचा वास सुटला होता. मिस्त्रींनी आधी बैलांना पाणी दाखवलं, मग बॉनेट उघडलं. डिझेलच्या पाईपात कचरा होता. एका फुंकरीचं काम.

"तिथंच फुंकला असता तं?" बापूरावांनी विचारलं.

"तिथं फुंकनारा कोन होता?" मिस्त्री म्हणाले आणि हात पुसायला लागले.

दोन्ही बाजूंच्या गाड्या त्यांच्याच खड्ड्यावर यायच्या. सकाळी नाकवाली, दुपारी चपटी. दोन्ही बाजू त्यांना खोदून खोदून विचारायच्या, "मिस्त्री, इमानदारीनं सांगा, कोनती चांगली?" मिस्त्री नाकवाल्याला म्हणायचे, "पाटे पाहा न तुमचे." चपटीवाल्याला म्हणायचे, "तुमची एका किल्लीत चालू होते न." आणि "तुमची सोताची कोनती?" असं कुणी विचारलं तर भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बोट दाखवायचे.

आम्हीसुद्धा त्यांना विचारायला गेलो होतो. माझ्या मिस्टरांची तीर्थपुरीजवळ भावाबरोबर बाग होती आणि दोघांनी मिळून पिकअप घ्यायचा ठरवला होता. मिस्टर गावातल्या गावात कुणाला दुखवायला घाबरत. म्हणून मिस्त्रींच्या तोंडून जे नाव निघेल ते घ्यायचं, असं आमचं ठरलं. मिस्त्री चहाची बशी हातात धरून विचार करू लागले.

"बागंतून रस्त्यावर यायला चढ हाय का उतार?"

"चढ," मिस्टर म्हणाले.

"गाडी कोन चालवनार? तुमी का भाऊ?"

"दोघं."

"दोघांचं पटतं का?"

मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. "तसं पटतं."

"मंग कोनती बी घ्या."

"आणि नसतं पटलं तर?" मिस्टरांनी विचारलं.

"तरी बी कोनती बी घ्या. पन मंग दोन घ्या."

आम्ही घरी येऊन तासभर याच्यावर बोललो आणि काहीही ठरलं नाही. शेवटी जी आधी मिळाली ती, म्हणजे नाकवाली, घेतली. मिस्त्री म्हणाले, "चांगलं केलं." त्याच संध्याकाळी कुणीतरी नवी चपटी हार घालून आणली. त्यालाही भिंतीपलीकडून "चांगलं केलं" असं म्हणताना मी ऐकलं.

अपघात झाला तो त्याच्या पुढच्या वर्षी. नदीच्या पुलाकडे उतरताना रस्ता वळतो, त्या वळणावर बापूरावांची नाकवाली आणि शेषरावांची चपटी समोरासमोर धडकल्या. सकाळची दहाची वेळ. शाळेत प्रार्थना नुकतीच संपली होती. आवाज आम्हाला ऐकू आला. बापूरावांच्या कपाळाला खोक पडली. शेषरावांना पत्रा कापून बाहेर काढावं लागलं, त्यांचा उजवा पाय गुडघ्यातून मोडला होता. रस्ताभर मोसंब्या सांडल्या होत्या, आणि त्यांच्यावरून येणारे जाणारे लोक घसरत होते.

दुपारपर्यंत दोन गोष्टी गावभर झाल्या. नाकवाले म्हणाले, चपटीचा ब्रेक लागला नाही, नाक होतं म्हणून बापूराव वाचले. चपटीवाले म्हणाले, नाकवालीचाच ब्रेक लागला नाही, ती अंगावर आली. संध्याकाळी एका हॉटेलाच्या बरण्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉटेलाचं छप्पर ओढून पाडलं. शेषरावांचे भाऊ बापूरावांच्या दारासमोर काठ्या घेऊन बसले, आणि बापूरावांच्या घरातली माणसं दोन दिवस पाण्यालासुद्धा बाहेर पडली नाहीत. माझ्या वर्गात दोन्ही घरची पोरं होती. ती वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसायला लागली. आमची नाकवाली मिस्टरांनी ताडपत्री टाकून बागेतच ठेवली.

मग गावातल्या जाणत्यांनी ठरवलं की मिस्त्रींनी दोन्ही गाड्या तपासाव्यात. मिस्त्री नको म्हणत होते. "माझं काम गाडी नीट कराचं हाय. निवाडा कराचा न्हाई," असं ते भिंतीपलीकडे भाभींनाही सांगत होते. पण लोकांनी दोन्ही मोडक्या गाड्या ओढून आणून शेडसमोर लावल्याच. मिस्त्री दिवसभर त्यांच्याखाली होते. जेवायलाही उठले नाहीत. भाभी दोनदा पाणी घेऊन गेल्या आणि तांब्या तसाच परत घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. पोरांना सुट्टी दिली होती. मी ऑफिसच्या दारात उभी होते. एका बाजूला बापूराव, कपाळाला पट्टी. दुसऱ्या बाजूला शेषरावांचे तीन भाऊ. मिस्त्री मध्ये उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी हातात घेतला.

"चपटीचे ब्रेक चांगले होते," ते म्हणाले.

चपटीवाले उठायलाच लागले. मिस्त्रींनी हात वर केला.

"नाकवालीचे बी चांगले होते. कंपनीनं चांगलेच देल्ते. पन त्या दिवशी सकाळी बापूराव माझ्याकडं आल्ते. मी त्यांच्या ब्रेकचा पाईप बदलला. नट कसायचा राहिला. कंपनीची चूक न्हाई, गाडीची न्हाई, बापूरावची न्हाई. माझी हाय."

मी बापूरावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. ते गोंधळून मिस्त्रींकडे बघत होते, जसं माझ्या वर्गातलं पोर न शिकवलेलं गणित फळ्यावर पाहून बघतं.

तेवढ्यात शेषरावांचा धाकटा भाऊ पुढे आला आणि त्यानं मिस्त्रींच्या कानफटात मारली. सगळ्यांदेखत. मिस्त्रींनी गालाला हात लावला नाही. बापूराव खाली बघायला लागले.

आणि मी? मला त्याच क्षणी आठवलं की अपघाताच्या सकाळी माझी लूना चालू झाली नव्हती. मी ती ढकलत गॅरेजपर्यंत नेली, तर शेडला कुलूप होतं. भाभी आतून म्हणाल्या होत्या, मिस्त्री आष्टीच्या बाजाराला गेलेत. मग मी ती परत घरी ढकलत नेली आणि शाळेत गेले. म्हणजे मिस्त्री त्या सकाळी गावात नव्हतेच. पण हे आठवल्याबरोबर दुसरी शंका आली. ती सकाळ तीच होती का? की आदल्या दिवशीची? लूना तर आठवड्यातून तीनदा बंद पडायची. मी खात्रीनं बोलू शकत नव्हते, आणि खात्री नसताना बोलले असते तर विझत आलेलं पुन्हा पेटलं असतं. मी गप्प राहिले. ते बरोबर केलं की चूक, हेही मला कळलेलं नाही.

भांडण मात्र त्या दिवशी थांबलं. भांडायला गाडी उरली नव्हती. काठ्यावाले बापूरावांच्या दारातून उठले. पण मिस्त्रींच्या खड्ड्यावरही कुणी येईना. नाकवाले आणि चपटीवाले दोघंही आपापल्या गाड्या घेऊन अंबडला जायला लागले. ज्याचा नट ढिला राहतो त्याच्या हातात गाडी कोण देईल? दिवसभर हातोडीचा आवाज नाही, आणि मला शाळेची वेळ कळेना.

मिस्त्रींनी शेषरावांची मोडकी चपटी मागून घेतली. "मी उभी करून देतो," एवढंच म्हणाले. तीन महिने ते त्या एका गाडीवर काम करत होते. शेषराव प्लास्टर घातलेला पाय पुढे करून लोखंडी खुर्चीवर येऊन बसायचे आणि शिव्या द्यायचे. मिस्त्री ऐकून घ्यायचे. महिनाभरानं शिव्या थकल्या. मग शेषराव नुसते बसायचे. मग, "मिस्त्री, तो पाना इकडं द्या, मी पकडतो," असं म्हणायला लागले.

एके दिवशी दुपारी मी घरी आले तर बापूराव शेडच्या मागच्या बाजूला, भाभींच्या चुलीपाशी, पोतं घेऊन उभे. मला बघून ओशाळले. पोत्यात चपटीचे पार्ट होते. नाकवाल्यांचा पुढारी जालन्याला जाऊन चपटीचे पार्ट आणत होता. जे मिळाले नाहीत, त्यांच्या जागी मिस्त्रींनी नाकवालीचे बसवले. दाराच्या मुठी नाकवालीच्या, हॉर्न नाकवालीचा. शेवटी गाडी उभी राहिली तेव्हा ती चपटीच होती, पण वाजायची नाकवालीसारखी. चौकातून पहिल्यांदा गेली तेव्हा दोन्ही हॉटेलांतली माणसं बाहेर येऊन बघत राहिली आणि आपण ओरडायचं की नाही हे कुणालाच ठरवता येईना.

त्या दिवशी बापूरावांना मी चुलीपाशीच विचारलं होतं. "बापूराव, खरं सांगा. त्या दिवशी सकाळी तुम्ही गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेला होता का?"

ते बराच वेळ पोत्याच्या तोंडाची दोरी सोडत राहिले. "बाई, मी गेल्तो असं मिस्त्री म्हनतो न?"

"हो."

"मंग गेल्तो असंन."

"तुम्हाला आठवत नाही?"

"डोकं आपटल्यापून मला त्या दिवसाचं काहीच बराबर याद येईना. वळन याद येतं. ब्रेक दाबला ते बी याद येतं. लागला का न्हाई, ते न्हाई येत."

भाभींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आष्टीकू गये थे, याद है मेरेकू. पन वोच दिन था के दूसरा, अल्ला जाने. इनो बोलते हैं नट ढिला था, तो ढिलाच होंगा."

मिस्त्रींना विचारायला मला वर्ष लागलं. तोवर लोक हळूहळू परत येऊ लागले होते. आधी आमची नाकवाली गेली, मग एकेक. एके दिवशी मिस्त्री माझ्या लूनेची साखळी लावत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, त्या सकाळी गॅरेजला कुलूप होतं. मी आले होते."

त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव असेल अशी माझी अपेक्षा होती. तसं काही नव्हतं. ते खरोखर विचारात पडले.

"कुलूप होतं?"

"होतं."

"मंग मी पाईप कवा बदलला?"

"तेच मी विचारतेय."

"मी गाडीखाली गेल्तो तं नट ढिला होता, बाई. दोन बोटानं फिरला. आता तो धक्क्यानं ढिला झाला, का कुनी कसलाच नव्हता, का मीच तपासताना फिरवला... आन् पाईप तं मी त्यांचा बदललेला हाये. त्या सकाळी का मागच्या हप्त्यात..." ते थांबले. साखळी त्यांच्या हातातच राहिली. "तुमी त्या दिवशी व्हरांड्यात का न्हाई सांगितलं?"

"मला खात्री नव्हती."

"मला बी कुठं होती?" ते म्हणाले, आणि पुन्हा साखळी लावायला लागले.

म्हणजे ते खोटं बोलले होते, की खरंच स्वतःची चूक समजत होते, की दोन्हीपैकी काय हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं? मिस्टर म्हणायचे, साधं आहे, माणसानं गाव वाचवलं. मला ते इतकं साधं कधी वाटलं नाही. गाव वाचवणारा माणूस आपण काय केलं ते जाणून असतो. मिस्त्री तर माझ्याकडेच उत्तर मागत होते.

पुढे माझी बदली जालन्याला झाली. बाग दिरानं सांभाळली. वर्षं गेली, तिसऱ्याच कुणाच्या छोट्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आणि नाकवाली-चपटीचं भांडण म्हाताऱ्या माणसांपुरतं उरलं. मिस्त्रींना दिसेनासं झालं आहे, असं कुणाकडून तरी कळलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते शहागडच्याच स्टँडवर. कुणाच्या तरी लग्नाला येऊन मी परत जालन्याच्या बसमध्ये बसले होते. खिडकीतून पाहते तर खाली मिस्त्री उभे, हातात कापडी पिशवी. एका बाजूला बापूराव, एका बाजूला काठी टेकत शेषराव. दोघांचेही केस पांढरे झालेले. मिस्त्रींना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला न्यायला दोघंही आपापली गाडी घेऊन आले होते.

"मोतीबिंदूचा माणूस हाय, त्याला सीटखाली इंजिन तापलेलं चालन का?" बापूराव म्हणत होते.

"तुझ्या गाडीचे पाटे डोळा फोडतीन त्याचा," शेषराव म्हणत होते.

मिस्त्री दोघांच्या मध्ये एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. कंडक्टरनं घंटी मारली. मिस्त्रींनी बसच्या दांड्याला चाचपून हात घातला आणि वर चढले. मागे दोघं ओरडतच राहिले. मी हाताला धरून त्यांना माझ्या शेजारी बसवलं. नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"बाई? तुमी कुठं निघाल्या?"

"जालन्याला. मिस्त्री, ते एवढे आले होते न्यायला. बसायचं की एकाच्या गाडीत."

"कोनाच्या?"

बस गावाबाहेर पडली. वडीगोद्रीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, सगळीकडे धूळ. थोड्या वेळानं मिस्त्रींनी मान मागे वळवली. त्यांना काही दिसत नव्हतं, तरी वळवली.

"बाई, पाहा बरं. येऊन राह्यले का ते?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. "येताहेत. दोघंही."

"आसं का." त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "पुढं कोन हाय?"

मी पुन्हा पाहिलं. धुळीतूनही अगदी स्पष्ट दिसत होतं. एक गाडी पुढे होती आणि दुसरी तिला मागे टाकायची धडपड करत होती.

"धूळ फार आहे, मिस्त्री," मी म्हटलं. "काही कळत नाही."